मस्के सरांचे खोटे शब्द

मस्के सरांचा माझ्यावर विश्वास नव्हता. हे मी रुसून सांगत नाही. त्यांचा कोणावरच नव्हता. हेडमास्तरांवर नव्हता, शिपायावर नव्हता, पंचांगावर तर मुळीच नव्हता. सख्ख्या भावाने ‘जेवून जा’ म्हटलं तरी सर आधी ‘काहून? कशासाठी?’ म्हणून विचारायचे आणि मग पाटावर बसायचे. आता ते नाहीत. पण स्टाफरूममध्ये कोणी माझी वही सहज चाळायला घेतली, की माझ्या तोंडून अजून त्यांचंच वाक्य निघतं, ‘मी आरोप न्हाई करत, इचारतो.’

आखाडा बाळापूरच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे. मी विज्ञानाची, पण संगणकाला न घाबरणारी मी एकटीच निघाले, म्हणून तेही तास माझ्याच गळ्यात पडले. स्टाफरूममध्ये सरांची खुर्ची भिंतीला टेकलेली असायची. पाठीमागे कोणी येता कामा नये. चहाचा कप स्वतःचा, तोही कपाटात कुलपात. छत्रीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलेलं, ‘ही छत्री मस्के यांची आहे. तुमची नाही.’ एकदा भर पावसात हेडमास्तरांनी भीड घातली म्हणून ती छत्री त्यांनी मला दिली. ते वाक्य डोक्यावर घेऊन मी अख्खं मैदान ओलांडलं. पलीकडे पोचेपर्यंत मला मीच चोर वाटायला लागले होते.

सर वर्गात प्रमाण मराठी बोलायचे, तीही अशी कडक इस्त्रीची की पहिल्या बाकावरची पोरं सावरून बसत. वर्गाचा उंबरा ओलांडला की मात्र बाळापूर सुरू. आत कोणी ‘आवंदा पाऊस न्हाई’ असं लिहिलं की ‘आवंदा’भोवती लाल गोल पडायचा आणि गुण कापला जायचा. तास संपला की सर त्याच पोराला व्हरांड्यात गाठायचे. आवाज एकदम खाली. ‘आवंदा म्हंजी यंदाच ना रे लेकरा? मंग गेल्या साली काय म्हंता घरी?’ पोरगं वही पाठीमागे लपवायचं. त्याला वाटायचं, आता उरलेले गुणही जाणार.

गोल घातलेले हे शब्द ते घरी नेऊन कॉम्प्युटरवर उतरवायचे. शब्द, त्याचा अर्थ, आणि समोर ज्याच्या तोंडून तो मिळाला त्या लेकराचं नाव आणि गाव. हळद शिजवणाऱ्यांचे शब्द, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांचे, बाजारातले, भांडणातले. नोकरीभर त्यांचं हेच चाललं होतं. आमच्या भागाची बोली एका डबड्यात भरलेली, आणि पुढे पुढे तर त्यातला एक कागद बाहेर येत नव्हता.

डबडं म्हणजे शाळेने मोडीत काढलेला आणि सरांनी मागून घेतलेला कॉम्प्युटर. फुगीर काचेचा पडदा, पिवळी पडलेली पेटी, पुढे फ्लॉपी घालायची फट. त्यावर गोधडीच्या कापडाची खोळ, खोळीला चेन, चेनीला चिमुकलं कुलूप. काकू, म्हणजे सरांच्या बायको, म्हणायच्या, ‘माह्या डोरल्याला कुलूप न्हाई, पर ह्या डबड्याला हाय.’

एवढं कुलूप पाहिल्यावर शाळेत तर्क लढवले जाणारच. कोणी म्हणे आत हेडमास्तरांविरुद्धच्या तक्रारी आहेत. क्रीडाशिक्षकांना पक्कं वाटायचं की प्रत्येकाची उशिरा येण्याची नोंद आहे. ते स्वतः रोज उशिरा यायचे. खरं सांगायचं तर मलाही संशय होता. माझा संशय वेगळा. मला वाटायचं, आत काहीच नसावं.

‘कॉपी’ या शब्दाची सरांना शिसारी होती. बोर्डाच्या परीक्षेला ते वर्गावर आले की केंद्रभर सुतकी शांतता पसरायची. एका वर्षी एक पोरगी सारखी तळहाताकडे बघत होती. सर मांजराच्या पावलांनी तिच्यापाशी गेले. ‘हात दाखव.’ हात पिवळाजर्द.

‘काय पुसलंस?’

‘न्हाई सर, हळद हाय. घरी शिजवणं चालू हाय. निघतच न्हाई.’

सरांनी तो हात उजेडाकडे धरून बघितला, वास घेतला, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. मग पुढे जायचं सोडून तिथेच उभे राहिले. उंबऱ्याच्या आत असूनही भाषा घसरली. ‘हळदीच्या थोरल्या गड्ड्याला काय म्हंता तुमी?’

पोरगी रडकुंडीला आली. ‘जेठा गड्डा म्हंतेत सर. आता लिहू का?’

पेपर सुटल्यावर तिला फाटकापाशी गाठून त्यांनी हळदीचे बाकीचे शब्दही काढून घेतले. वर तिच्या बापाला सांगितलं, ‘मी आरोप न्हाई केला बरं का, नुसतं इचारलं.’

चोर ओळखायची त्यांची एक कसोटी होती. ‘बराबर उत्तर दोघांचं सारखं येतं बाई. त्यात काय न्हाई. चूक सारखी आली की समजायचं, एकानं उचललं.’ या कसोटीवर त्यांनी एकदा मोठा मासा पकडला होता. कोणी एक प्राध्यापक त्यांच्याकडून शब्दांची छापलेली पानं ‘जरा चाळतो’ म्हणून घेऊन गेले. पुढे एका दिवाळी अंकात त्याच शब्दांवर त्यांचा लेख आला. सरांनी घाईघाईत ‘धुरा’ या शब्दापुढे ‘शेताचा बांध’ऐवजी ‘शेताचा बांग’ असं उमटवलं होतं. अंकातही बांगच. सरांचं नाव कुठेच नव्हतं.

‘माझं गेलं ते गेलं,’ सर मला म्हणाले. ‘पर लेकरांची नावं बी खाल्ली त्यानं. एका बी लेकराचं नाव ठेवलं न्हाई.’

मला त्या दिवशी पहिल्यांदा या माणसाचं वाईट वाटलं. त्या लेखानंतर त्यांनी कागद छापणंच बंद केलं, आणि खोळीला कुलूप आलं.

सर निवृत्त झाले तरी मधूनमधून शाळेत चक्कर मारायचे. असेच एकदा मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसले. आधी दार बघितलं, मग खिडकी.

‘बाई, समजा एखाद्याकडं जुना कॉम्प्युटर हाय.’

‘बरं.’

‘समजा तो लई कण्हून राहिला. सुरू करताना दहादा बंद पडतो. नांदेडचा मेकॅनिक म्हंतो, भंगारात द्या. तर त्या एखाद्यानं काय करावं?’

‘त्या एखाद्यानं आतलं सगळं लवकर बाहेर काढावं. एक दिवस तो सुरूच व्हायचा नाही. मग शब्दही गेले आणि लेकरांची नावंही गेली.’

सर दचकले. ‘शब्द हाईत हे तुमाला कोणी सांगितलं?’

आता काय बोलणार! त्यांनीच सांगितलं होतं.

तर असं करत करत मी त्यांच्या घरी पोचले. सरांना मुलाने दिलेला नवा लॅपटॉप होता. पण जुनी पेटी उघडून आतली डिस्क काढायला सरांनी साफ नकार दिला. पोट फाडायचं नाही. म्हणजे उरल्या फ्लॉप्या. मी नांदेडहून लॅपटॉपला बाहेरून लावायचा फ्लॉपीचा खोका मिळवला. काकूंनी चहा ठेवला. सरांनी खोळीचं कुलूप काढलं आणि मला म्हणाले, ‘तिकडं बघा जरा.’ मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं. मागे एका बोटाने पासवर्ड टाइप होत होता, टक... टक... टक. त्या कॅलेंडरवरचे सगळे सण मला पुढे पाठ झाले.

पहिली अडचण तिथेच आली. मी म्हटलं, ‘आता ही फाइल कॉपी करायची.’

‘कॉपी न्हाई करायची.’

‘सर, म्हणजे इथली इथे राहते आणि तशीच दुसरी...’

‘कॉपी म्हंजी काय ते मला सांगता? इथली उचलायची, तिथं ठेवायची. इथं मागं काय बी ठेवायचं न्हाई.’

मी परोपरीने समजावलं की फ्लॉपी जुनी आहे, मधेच खराब झाली तर दोन्हीकडून जाईल. उपयोग झाला नाही. शेवटी मला तहसील आठवलं. ‘सर, सातबाऱ्याची नक्कल मिळते ना? तशी नक्कल घ्यायची. मूळ दप्तर दप्तरातच राहतं.’

सर विचारात पडले. नक्कल हा शब्द त्यांना सरकारी आणि खानदानी वाटला असावा. ‘नक्कल ठीक हाय,’ ते म्हणाले. ‘नक्कल घ्या.’ आणि आम्ही एकेका अक्षराच्या नकला घ्यायला लागलो.

पहिली फाइल लॅपटॉपवर उघडली तेव्हा पडद्यावर कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांचा नुसता पालापाचोळा. सर उठून उभे राहिले. ‘बदललं. माह्या डोळ्यांदेखत बदललं!’ जुन्या कॉम्प्युटरवरची मराठी त्या काळातल्या एका फॉन्टची होती. नव्या यंत्राला ती अक्षरं ओळखता येत नव्हती. तो फॉन्टही फ्लॉपीवरून आणून बसवला, तेव्हा पाचोळ्यातून ‘आखर’ उगवला, गावची गुरं जमतात ती जागा, मग ‘आवंदा’ उगवला. सरांनी पडद्यावरून बोट फिरवत पाच-सहा नावं वाचली आणि खाली बसले. मला कळलं, आत खरंच काहीतरी होतं, आणि खूप होतं.

मग जुनी अक्षरं नव्या अक्षरांत बदलायची. त्यात वेलांट्या पळापळ करत. ‘हिरवा’चा ‘हरिवा’ झाला तर सर म्हणाले, ‘हा हरिवा कोण? आमच्या वर्गात नव्हता.’ ते विनोद करतायत की चौकशी, हे मला कधीच कळायचं नाही. शिवाय नव्या यंत्राला बोलीतले शब्द चुकीचे वाटत. जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली ते लाल रेघ मारायचं. सर त्या लाल रेघांकडे बराच वेळ बघत बसले.

‘हे कोण तपासून राहिलं?’

‘यंत्र. त्याला हे शब्द माहीत नाहीत ना.’

‘मला तर माहीत होते बाई,’ सर म्हणाले. ‘तरी म्या बी गोल घातलेच की.’ मी रेघा बंद करून टाकल्या.

‘म’पर्यंत आलो आणि भांडण झालं. सर प्रत्येक शब्द वाचून मान हलवायचे, मग मी पुढे जायची. एका शब्दापाशी मान थांबली. ‘मुरवळी. चालता चालता सारखी मागं वळून बघणारी शेळी.’ समोर एका विद्यार्थ्याचं नाव आणि गाव.

‘हा शब्द मी ऐकला न्हाई कधी.’

‘तुमच्या कॉम्प्युटरवर आहे सर.’

‘होता की आता आला?’

‘म्हणजे? मी घातला?’

‘मी आरोप न्हाई करत...’

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. शाळा, घर, भाकऱ्या, सगळं सांभाळून मी रोज यांचं कॅलेंडर वाचायला येत होते, आणि हे मला विचारतायत! मी पर्स उचलली. दारापर्यंत गेलेही. काकू चहाचा ट्रे घेऊन मधेच उभ्या. मागून सरांचा अगदी बारीक आवाज आला, ‘बसा बाई. म्याच घातला.’

मग निघालं ते असं. प्राध्यापकाने तो हात मारल्यावर सरांनी ठरवलं, पुन्हा कोणी चोरी केली तर पुरावा हवा. म्हणून प्रत्येक अक्षरात त्यांनी मनाचे, बनावट शब्द पेरले. खऱ्यांसारखे दिसणारे, खऱ्यांसारखे अर्थ असलेले, आणि कोणाला शंका येऊ नये म्हणून समोर खऱ्या लेकरांची नावं. कोणी उचलला की पकडला.

‘कुठले कुठले घातले?’

‘तेच तर ध्यानात न्हाई.’

‘यादी केली असेल ना?’

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच अडाणी. ‘यादी केली असती तर ती नसती का कोणी चोरली?’

मी कपाळाला हात लावला. काकूंनी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘अति शहाना, त्याचा बैल रिकामा.’ सर लॅपटॉपकडेही बघेनात आणि जुन्या पेटीकडेही. मग म्हणाले, ‘त्यानं तर नुसती नावं खाल्ली होती. म्या लेकरांच्या नावावर खोटं लिवलं. आता ह्यातला कोणता बी शब्द खरा म्हणून कोणाला दाखवू?’

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला राग धरून ठेवता आला नाही. सगळं काही जुन्या डबड्यातून नव्यात नीट उतरलं होतं, एक वेलांटी हरवली नव्हती, आणि तरी सरांची आयुष्यभराची मेहनत हातातून गेली होती. वाचवायचा एकच मार्ग होता. ज्यांची नावं समोर होती त्यांनाच विचारायचं. म्हणजे जन्मभर ज्यांचे खिसे तपासले, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

सुरुवात भयंकर झाली. सर फोन लावायचे आणि पहिला प्रश्न, ‘तूच बोलतोस कशावरून?’ पलीकडचा बाप्या, तीन लेकरांचा बाप, उठून उभा राहत असणार. एकाने घाबरत विचारलं, ‘सर, कापलेले गुण वापस देता का?’ पुसेगावचा एक जण म्हणाला, ‘सर, हावरी म्हंजी तीळ, ते बराबर हाय. पर हे दुसरं मी बोललोच न्हाई, तुमी कोणाचं माह्या नावावर घातलं?’ सर चक्क म्हणाले, ‘चुकलं लेकरा.’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

फोनवर भागेना म्हणून ते एसटीने फिरायला लागले. लॅपटॉपची पिशवी गळ्यातून आडवी, वरून शबनम, त्यावर दोन्ही हात. वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या पोत्यांवर बसून त्यांनी हमालांकडून शब्द तपासून घेतले. हळदीचे हात असलेली ती पोरगीही सापडली. आता तिचीच मुलगी दहावीला होती. तिने सरांना जेवू घातलं आणि पाच शब्द नवे दिले. सर पाटावर बसताना ‘काहून’ म्हणाले नाहीत, असं तिने मला पुढे फोनवर सांगितलं. खोटे शब्द एकेक करून सापडत गेले, निघत गेले. महिने लागले, पण कोश पुन्हा खरा होत आला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बाळापूरच्या बाजारात. मी भाजीला गेले होते. शेळ्यांच्या बाजाराच्या कडेला, चहाच्या टपरीवरून सरांनी मला हाक मारली. खूप वाळले होते, पण खुशीत होते. म्हणाले, ‘एकच राहिला बाई. मुरवळी.’ त्या शब्दापुढे ज्याचं नाव होतं तो आता टेम्पो चालवायचा. त्याने सांगितलं होतं, ‘सर, आमचं सायकलीचं दुकान. घरात शेळी कधी आलीच न्हाई.’ म्हणजे शब्द खोटाच. तरी काढायच्या आधी एकदा शेळीवाल्यांना विचारावं, म्हणून सर आले होते.

चारच पावलांवर एक म्हातारी दोन-तीन शेळ्या घेऊन उभी होती. सरांनी तिला शब्द सांगितला, अर्थ सांगितला. तिने तोंडावर पदर घेऊन हसत मान हलवली. ‘न्हाई बा. असं आमी न्हाई म्हनत. आमी तिला कायच म्हनत न्हाई.’

‘मंग काढा,’ सर मला म्हणाले. आम्ही टपरीच्या बाकड्यावर बसलो. पिशवी गळ्यात ठेवूनच त्यांनी लॅपटॉप उघडला, माझ्याकडे वळवला. मी तो शब्द शोधला. पुसणार, एवढ्यात पाठीमागे म्हातारी निघाली. तिची एक पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी, दोरी ताणून मागेच बघत उभी राहिली.

‘ए मुरवळे!’ म्हातारी ओरडली. ‘चाल की! मागं काय ठेवलं तुहं?’

माझं बोट तसंच राहिलं. सर ताठ झाले. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत ते जुनं आलं, परीक्षेच्या वर्गातलं. मला वाटलं, आता उठून म्हातारीचा हात धरतात.

‘माह्याकडून उचलला तिनं,’ सर म्हणाले. ‘ऐकलं का तुमी?’

‘ऐकलं.’

आणि ते हसायला लागले. मी त्यांना इतक्या वर्षांत दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता ठसका लागला. ‘काढू नका बाई, राहू द्या. खरा झाला. समोरचं नाव तेवढं बदला.’

‘कोणाचं घालू? नाव कुठे विचारलंय तिचं?’

‘थांबा, इचारून येतो.’

ते उठले. पिशवीचा पट्टा डोक्यावरून काढला, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. लॅपटॉप उघडाच होता, आतलं सगळं उघडं. ‘तिकडं बघा’ म्हणाले नाहीत. तोवर म्हातारी पुढे गेली होती. सर ‘ओ माय, थांबा जरा’ म्हणत शेळ्यांच्या गर्दीत शिरले. मी बघत बसले. आता वळून बघतील, आता वळून बघतील. नाही बघितलं.